पोर्शे ९११

पोर्शे ९११ ही जर्मनीतील श्टुटगार्ट येथील पोर्शे कंपनीची दोन दारांची स्पोर्ट्‌स कार आहे. इ.स. १९६३ मध्ये फ्रांकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम मांडण्यात आली. सहा सिलिंडरांचे इंजिन मागील चाकांच्याही मागे असणे, हे तिचे वैशिष्ट्य आजतागायत टिकून आहे.

इतिहास

इ.स. १९७७ मध्ये पुढे इंजिन असलेली ९२८ ही मोटार आणून कालांतराने ९११ बंद करण्याचा कंपनीचा विचार होता. इ.स. १९८१ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतलेल्या पेटर शुट्‌झ यांनी तो रद्द केला. पुढे इ.स. १९९५ मध्ये ९२८ चेच उत्पादन थांबले. इ.स. १९९७ मध्ये हवेने थंड होणाऱ्या इंजिनाऐवजी पाण्याने थंड होणारे इंजिन आले. इ.स. २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ तयार झाली.

भवितव्य

टायकान (इ.स. २०१९) ही पोर्शेची पूर्णतः विजेवर चालणारी पहिली मोटार होय. ९११ बाबत मात्र कंपनीने सावध पवित्रा घेतला. कारण जड बॅटरीमुळे हलकेपणा आणि चपळता हे तिचे मूळ गुणच धोक्यात येतात. इ.स. २०२४ मध्ये आलेल्या संकरित ९११ मध्ये लहान बॅटरी असून विद्युत मोटर इंजिनाला केवळ साहाय्य करते. ही बॅटरी बाहेरून प्रभारित करता येत नाही.