तळातून आलेली ओ

माझं लहानपण कोकणातल्या एका खाडीकाठी गेलं. अमावास्येच्या रात्री होडी परतताना तांडेल हाक मारायचा, काठावरून चाचा ओ द्यायचे. त्या ओच्या अंदाजानं होडी धक्क्याला लागायची.

खोल समुद्रात काम करणारा रोबो असंच करतो. उपग्रहांचे जीपीएस संकेत खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात. उजेडही खोलवर पोचत नाही. दूरवर जातो तो आवाज, सेकंदाला सुमारे १५०० मीटर. हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगानं.

म्हणून जहाजावरून तीन-चार ध्वनिखुणा वजन बांधून तळाशी सोडतात. ट्रान्सपॉन्डर म्हणतात त्यांना. रोबोनं हाक मारली की प्रत्येक खूण आपापल्या सुरात ओ देते. हाक आणि ओ यांत चार सेकंद गेले, तर अंतर ३००० मीटर. पण तेवढ्यानं भागत नाही. आपण त्या खुणेभोवतीच्या वर्तुळावर कुठेतरी आहोत, एवढंच कळतं. दुसऱ्या खुणेचं वर्तुळ पहिल्याला दोन जागी छेदतं. त्यातली खरी कुठली, ते तिसरी सांगते. खोली पाण्याच्या दाबावरून कळते.

यात गोम अशी, की सोडलेली खूण प्रवाहाबरोबर सरकत खाली जाते. ती नेमकी कुठे बसली, हे जहाजाला वरून घिरट्या घालून मोजावं लागतं. शिवाय पाणी गार-गरम, कमी-जास्त खारट असेल तसा आवाजाचा वेग बदलतो. त्यात एक टक्क्याची चूक झाली, तर ३००० मीटरमागे ३० मीटरचा घोळ.

खूण ऐकू आली नाही तर काय होतं? १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओ-पॅरिस विमान अटलांटिक महासागरात कोसळलं. २२८ माणसं गेली. विमानाच्या ब्लॅक बॉक्सलाही ध्वनिखूण असते, पण ती ओ देत नाही. बॅटरी संपेपर्यंत स्वतःच हाका मारत राहते. तेव्हा ती मुदत ३० दिवसांची होती. अवशेष सुमारे ३९०० मीटर खोल होते. शोध घेणाऱ्या जहाजांच्या कानी ती हाक पडली नाही. नातेवाइकांनी जवळजवळ दोन वर्षं वाट पाहिली. एप्रिल २०११मध्ये रीमस नावाच्या रोबोंनी तळ पट्ट्यापट्ट्यानं धुंडाळून अवशेष शोधले. अशा कामात रोबोला स्वतःचा ठावठिकाणा नीट ठाऊक नसेल, तर मधला एखादा पट्टा सुटतो, आणि हवं ते नेमकं तिथंच असू शकतं.

मे महिन्यात ब्लॅक बॉक्स वर आले. पुढे नियम बदलले. आता ती खूण ३० नव्हे, ९० दिवस हाका मारते.