विश्लेषण : प्रोफाइलचा क्यूआर कोड दाखवताय? समोरच्याच्या हाती नेमके काय जाते?

आधी युजरनेम सांगायचे, मग स्पेलिंग, मग मध्ये डॉट आहे की अंडरस्कोअर ते. एवढे करूनही समोरच्याला भलतेच खाते सापडते. ही कटकट क्यूआर कोडने संपवली. मेंदी काढणाऱ्यांपासून घरगुती केक करणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या व्हिजिटिंग कार्डवर आता इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपचा कोड असतो. दिसायला हे सगळे कोड सारखेच, पण प्रत्येक कोडमधून समोरच्याला मिळणारी माहिती सारखी नसते. कोड छापण्यापूर्वी आणि दुसऱ्याचा कोड स्कॅन करण्यापूर्वी हा फरक समजून घ्यायला हवा.

कोडमध्ये असते काय?

जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी क्यूआर कोड तयार केला. पेटंट असूनही कंपनीने वापरासाठी पैसे मागितले नाहीत, त्यामुळे तो जगभर पसरला. तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून कॅमेऱ्याला कोडची दिशा कळते. उरलेल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत माहिती साठवलेली असते. प्रोफाइलच्या कोडमध्ये तुमचे फोटो किंवा पासवर्ड नसतात, असते ती फक्त एक लिंक. त्या लिंकवर गेल्यावर काय दिसेल, हे ते ॲप आणि तुमचे सेटिंग ठरवते.

कोणत्या ॲपचा कोड काय उघड करतो?

* इन्स्टाग्राम : सुरुवातीला, २०१८ मध्ये, इन्स्टाग्रामने ‘नेमटॅग’ आणला होता, पण तो त्यांच्याच ॲपमधून स्कॅन करावा लागे. २०२० मध्ये त्याची जागा साध्या क्यूआर कोडने घेतली. स्कॅन केल्यावर तुमचे प्रोफाइल उघडते. खाते प्रायव्हेट असेल, तर फॉलो रिक्वेस्ट स्वीकारेपर्यंत पोस्ट दिसत नाहीत.
* व्हॉट्सॲप : येथे खाते मोबाइल नंबरशी जोडलेले असते. त्यामुळे कोड स्कॅन करणाऱ्याला तुमचा नंबर मिळतो. दुकानाच्या काउंटरवर वैयक्तिक व्हॉट्सॲपचा कोड लावणे म्हणजे तिथे मोबाइल नंबर लिहून ठेवण्यासारखेच आहे.
* लिंक्डइन : नोकरी, शिक्षण आणि अनुभवाचे प्रोफाइल उघडते. परिषदा, नोकरी मेळावे यांसाठी हा कोड सोयीचा.

कोड सापडतो कुठे?

इन्स्टाग्रामवर आपल्या प्रोफाइलवरील ‘शेअर प्रोफाइल’ दाबा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या नावाशेजारी कोडचे छोटे चिन्ह असते. लिंक्डइनमध्ये वरच्या सर्च बारवर टॅप केल्यास कोडचा पर्याय मिळतो. ॲपच्या आवृत्तीनुसार बटणांची जागा थोडी बदलू शकते.

व्हॉट्सॲपचा कोड नको त्या ठिकाणी पोहोचला, तर त्याच स्क्रीनवरील मेनूतून ‘रिसेट’ करता येतो. त्यानंतर जुना कोड चालत नाही. मात्र ज्यांनी आधीच नंबर सेव्ह केला आहे, त्यांच्याकडे तो राहतोच.

छापण्यापूर्वी काय पाहावे?

शक्यतो ॲपने दिलेलाच कोड वापरा. काही वेबसाइट ‘डायनॅमिक’ कोड बनवून देतात. असा कोड थेट तुमच्या प्रोफाइलवर न जाता आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो. मोफत मुदत संपली किंवा ती सेवा बंद पडली, तर पाचशे कार्डांवरचा कोड एका दिवसात निकामी होऊ शकतो.

कोड गडद आणि मागची बाजू फिकट ठेवा, भोवती पांढरी जागा सोडा. क्यूआर कोडमध्ये चूक दुरुस्तीची सोय असते. तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. म्हणूनच मधोमध लोगो टाकलेले कोडही चालतात. तरीही छपाईला देण्याआधी एक नमुना काढून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा. युजरनेम बदलल्यास छापलेला कोड पुन्हा स्कॅन करून पाहा.

खरा धोका कुठे आहे?

आपला कोड दुसऱ्याला दाखवण्यापेक्षा दुसऱ्याने पाठवलेला कोड स्कॅन करताना अधिक सावध राहावे लागते. कारण व्हॉट्सॲपमध्ये दुसऱ्या प्रकारचाही कोड असतो, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’चा. ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब सुरू करताना आपण तोच स्कॅन करतो. हा कोड ओळख करून देत नाही, तर समोरच्या उपकरणाला तुमचे खातेच जोडून देतो.

मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५ मध्ये असाच एक प्रकार उघड केला. ‘स्टार ब्लिझार्ड’ या रशियन हॅकर गटाने लोकांना व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील होण्याचे निमंत्रण पाठवले. त्यासाठी दिलेला कोड प्रत्यक्षात खाते हॅकरच्या उपकरणाशी जोडणारा होता. तो स्कॅन करून सूचना पाळणाऱ्याचे मेसेज हॅकरला वाचता येत होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणाला फॉलो करण्यासाठी, संपर्क सेव्ह करण्यासाठी किंवा ग्रुपमध्ये जाण्यासाठी ‘लिंक अ डिव्हाइस’ हा पर्याय कधीच उघडावा लागत नाही. कोणी तो उघडायला सांगत असेल, तर तिथेच थांबा. फोनच्या कॅमेऱ्याने कोड स्कॅन केल्यावर लिंकचा पत्ता दिसतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रोफाइल पाहण्यासाठी पासवर्ड किंवा ओटीपी मागणारे पान दिसले, तर ते लगेच बंद करा.

शंका असेल, तर व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी आजच उघडून पाहा. अनोळखी उपकरण दिसल्यास त्यावर टॅप करून ‘लॉग आउट’ करा. या तपासणीला एक मिनिटही लागत नाही.