मुक्त वस्तूची जाहिरात

ज्या वस्तूचे मोल घ्यावयाचे नाही तिची जाहिरात कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांना पडेल. दुकानदार जाहिरात करतो ती गल्ल्यासाठी. परंतु संगणकाच्या क्षेत्रात अशा कित्येक आज्ञावली आहेत की, त्या कोणीही विनामूल्य घ्याव्यात, त्यांचे मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, वाचावे, सुधारावे आणि इतरांस द्यावे. गुणांनी त्या उण्या नसतात. तरीही सामान्य माणसाच्या घरापर्यंत त्या क्वचितच पोहोचतात. कारण त्या घडविणारे बहुधा आपसांतच बोलत राहतात.

मुळात नावापासूनच घोटाळा होता. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाचे फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ होतात. (मराठीला ही अडचण नाही. ‘फुकट’ म्हणताना लागणारा तुच्छतेचा सूर ‘मुक्त’ म्हणताना लागत नाही.) १९९८ च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचे मूळ लेखन जगास खुले करण्याचे जाहीर केले. लगेच फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे काही मंडळी जमली, आणि क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचविलेले ‘ओपन सोर्स’ हे नाव तेथे पुढे आले. रिचर्ड स्टॉलमन यांना ते रुचले नाही. स्वातंत्र्याचा मुद्दाच त्यात झाकला जातो, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे असे मलाही वाटते. परंतु व्यापारी जगास बिचकविणार नाही असे ते नाव होते व तेच रूढ झाले.

नेटस्केपने खुल्या केलेल्या त्या लेखनातूनच पुढे मोझिलाचा ‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर घडला. त्याचे बारसे तीनदा झाले: प्रथम फिनिक्स, मग फायरबर्ड, आणि ती नावे इतरांची निघाल्यामुळे २००४ साली फायरफॉक्स. त्या वेळी शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक मायक्रोसॉफ्टचा ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ वापरीत. तो विंडोजबरोबर आयताच येई. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे पैशाविना उभे राहावयाचे कसे?

मोझिलाने वापरणाऱ्यांनाच प्रचारक केले. सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणी दिली, अडीच लाख डॉलर जमले आणि १६ डिसेंबर २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पूर्ण पानांची जाहिरात झळकली. तीत वर्गणीदारांची नावे बारीक टायपात छापली होती. आपले नाव शोधण्यासाठी कोणी भिंग घेतले असेल, तर नवल नाही!

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रचाराची भाषा. परवान्याच्या अटी वा मूळ लेखनाची थोरवी यांचे पाल्हाळ न लावता, नको असताना उघडणाऱ्या जाहिराती हा ब्राउझर रोखतो, एकाच खिडकीत अनेक पाने उघडतो आणि तो अधिक सुरक्षित आहे, एवढेच लोकांना सांगण्यात आले. ज्याच्या पडद्यावर रोज जाहिरातींचा सडा पडे, त्याला हे तात्काळ पटले. मुक्ततेचा विचार मागाहून, ज्याला गोडी वाटली त्याच्यासाठी. २००५ च्या ऑक्टोबरपर्यंत फायरफॉक्स दहा कोटी वेळा उतरवून घेतला गेला.

पुढे गूगलने २००८ साली ‘क्रोम’ आणला आणि फायरफॉक्सचा वाटा हळूहळू ओसरला. एकदा केलेली जाहिरात जन्मभर पुरत नाही. तथापि तो आजही मिळतो, आणि मराठीतूनही मिळतो. त्याच्या पट्टीवरील मराठी शब्द स्वयंसेवकांनी बसविले आहेत. मात्र आपल्याकडे किती घरांत ही गोष्ट ठाऊक आहे?