आकाश फक्त डोळ्यांचे नाही

1984 साली बॉस्टनच्या चार्ल्स हेडन तारांगणात अंध विद्यार्थ्यांचा एक गट आला होता. नोरीन ग्राइस ही तरुणी तेव्हा तिथे उमेदवारी करत होती. कार्यक्रम संपल्यावर तिने मुलांना विचारले, कसा वाटला? अगदी टाकाऊ होता, असे रोखठोक उत्तर आले. उत्तर खरेच होते. घुमटावर उमटणाऱ्या ताऱ्यांकडे पाहता यावे म्हणून रचलेल्या त्या कार्यक्रमात या मुलांसाठी काहीच नव्हते. ग्राइस यांनी ते मनाला लावून घेतले. 1990 मध्ये त्यांचे ‘टच द स्टार्स’ हे बोटांनी वाचायचे पुस्तक निघाले. 2002 मध्ये ‘टच द युनिव्हर्स’ आले. त्यात हबल दुर्बिणीने टिपलेली तेजोमेघ आणि दीर्घिकांची चित्रे उठावाच्या रेषांनी आणि ब्रेल मजकुरासह छापली होती.

खगोलशास्त्र म्हणजे डोळ्यांचे शास्त्र, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की ज्याला दिसत नाही त्याचा आकाशाशी काय संबंध, असा प्रश्न चांगली शिकलेली माणसेही सहज विचारतात. या समजाला शास्त्राचा आधार नाही. माणसाचा डोळा साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. रेडिओ लहरी, क्षकिरण, गॅमा किरण यांतले काहीही कोणालाच दिसत नाही. कितीही तीक्ष्ण नजरेच्या माणसालाही नाही. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घ्या. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिथे सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. एवढ्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायला कुठे जागाच नाही. तिथून निघतात ते आकडे. त्या आकड्यांचे चित्र आपण नंतर करतो, त्यात रंगही आपणच भरतो, कारण चित्र पाहून समजून घ्यायची आपल्याला सवय आहे. त्याच आकड्यांचा आवाज केला, किंवा बोटांना लागेल असा उंचसखल नकाशा केला, तर तोही तेवढाच खरा.

रेडिओ खगोलशास्त्राचा तर जन्मच ऐकण्यातून झाला. बेल प्रयोगशाळेतल्या कार्ल जान्स्की यांना लांब पल्ल्याच्या रेडिओ संभाषणात कुठून खरखर येते ते शोधायचे होते. न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या शेतात त्यांनी फिरता अँटेना उभारला. गडगडाटी वादळांचे आवाज त्यांना ओळखता आले, पण एक मंद, सलग सूसू आवाज उरला. तो दर 23 तास 56 मिनिटांनी पुन्हा जोर धरायचा. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते ती नेमकी एवढ्याच वेळात. आवाज सूर्याचा असता तर 24 तासांचा हिशेब लागला असता. 1933 साली जान्स्की यांनी जाहीर केले की ही खरखर आकाशगंगेतून, धनू राशीच्या दिशेने येते.

आता वांडा दियाझ-मर्सेड यांच्याकडे येऊ. प्युर्टो रिकोतल्या गुराबो या लहान गावात त्या वाढल्या. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत असताना मधुमेहामुळे त्यांची दृष्टी गेली. फळ्यावरची समीकरणे, आलेख, पडद्यावरची चित्रे, सगळेच हातचे गेले. अशा वेळी बहुतेकांना विषय बदलायचा सल्ला मिळतो. त्यांना मात्र सूर्यावरच्या स्फोटांचे रेडिओ संकेत ऐकायला मिळाले आणि आपला विषय आपल्याला कानांनी पुढे नेता येईल हे त्यांना कळले. 2005 मध्ये त्या नासाच्या गोडार्ड केंद्रात दाखल झाल्या आणि आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या ‘एक्ससोनिफाय’ या संगणकप्रणालीवर काम करू लागल्या. 2013 मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय अवकाश-भौतिकीतल्या माहितीच्या शोधासाठी ध्वनीचा वापर, हाच होता. त्या संशोधनाचा निष्कर्ष डोळसांनी नीट ऐकून घ्यावा असा आहे. गोंगाटात दडलेला क्षीण संकेत शोधायला डोळस खगोलशास्त्रज्ञांना बसवले, तेव्हा आलेखाच्या जोडीला आवाज दिल्यावर तो त्यांना अधिक चांगला सापडला. अंधांसाठी म्हणून शोधलेले साधन सगळ्यांच्याच कामाचे निघाले.

आकड्यांचा आवाज करायचा म्हणजे नेमके काय करायचे? एखाद्या ताऱ्याचे तेज दर अर्ध्या तासाने मोजले आहे असे समजा. प्रत्येक मोजमापाला एक सूर द्यायचा. तेज जास्त तर सूर उंच, कमी तर खालचा. मग सगळे सूर ओळीने वाजवायचे. तारा स्थिर असेल तर जवळजवळ एकच सूर किंचित थरथरत ऐकू येतो. त्याच्यासमोरून ग्रह गेला की सूर थोडा वेळ खाली उतरतो आणि परत जागेवर येतो. हे उतरणे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा ऐकू आले, तर त्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असण्याची दाट शक्यता. केप्लर दुर्बिणीने टिपलेल्या अशा नोंदी ऐकण्यासाठी ‘अ‍ॅस्ट्रोनिफाय’ नावाची प्रणाली आहे. अर्जेंटिनात तयार झालेली ‘सोनोऊनो’ तर अंध आणि डोळस दोघांनाही सारख्याच सोयीने वापरता यावी असे पहिल्यापासून ठरवून लिहिली गेली.

कानाचे म्हणून काही खास बळ आहे. सेकंदाला 24 चित्रे डोळ्यांपुढून सरकली की आपल्याला सलग हालचाल दिसू लागते. मधल्या फटी डोळ्याला कळत नाहीत. दोन टिचक्यांमध्ये काही सहस्रांश सेकंदांची फट असली तरी कान ती पकडतो. लय पकडण्यात तर कानाला तोड नाही. ‘पीएसआर बी0329+54’ हा स्पंदक, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ संकेत देणारा फिरता तारा, सुमारे 0.71 सेकंदाला एक ठोका देतो, आणि रेडिओ संकेत ध्वनिवर्धकाला जोडला की तो ठकठक ऐकू येतो. नौका तारकासमूहातला वेला स्पंदक सेकंदाला 11 वेळा टकटकतो. वृषभेतल्या खेकडा तेजोमेघाचा स्पंदक सेकंदाला 30 ठोके देतो. तिथे ठोके वेगळे न राहता गुरगुर होते. तीन ताऱ्यांच्या फिरण्याच्या वेगातला फरक शाळकरी मुलालाही न समजावता कळतो.

चित्रांचाही आवाज करता येतो. नासाच्या चंद्रा क्षकिरण दुर्बिणीच्या चमूने 2020 पासून असे बरेच तुकडे प्रसिद्ध केले आहेत. आकाशगंगेच्या मध्याचे सुमारे 400 प्रकाशवर्षे रुंदीचे चित्र डावीकडून उजवीकडे वाचले जाते. चित्रात वर असलेल्या गोष्टींना उंच सूर, खालच्यांना खालचे, आणि जिथे तेज अधिक तिथे आवाज मोठा. यांतले पुष्कळसे तुकडे कानाला गोड लागावेत म्हणून ठरावीक स्वरांत बसवलेले असतात. लोकांना आकाशाकडे ओढायला ते उत्तम आहे, पण सूर असे गोड करताना बारीक चढउतार पुसले जातात. ज्याला संशोधन करायचे आहे त्याच्या हाती कच्चा, खडबडीत आवाजच द्यायला हवा. अंध विद्यार्थ्याला फक्त संगीत ऐकवून ‘बघ, तुझ्यासाठीही आहे’ म्हणणे पुरेसे नाही. त्याला त्या आकड्यांवर काम करता आले पाहिजे.

एका बाबतीत तर मुळात खरोखरच ध्वनी आहे. ययाती तारकासमूहाच्या दिशेला सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षे दूर दीर्घिकांचा एक मोठा गुच्छ आहे. त्याच्या मध्यावरच्या कृष्णविवरामुळे भोवतालच्या तप्त वायूत दाबाच्या लाटा उठतात, हे 2003 मध्ये चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून समोर आले. वायूतली दाबाची लाट म्हणजे ध्वनीच. फक्त तो पियानोच्या मधल्या ‘सी’ सुराच्या 57 सप्तके खाली आहे. एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. 2022 मध्ये तो 57 आणि 58 सप्तके वर चढवून लोकांना ऐकवला गेला.

दुसरे उदाहरण तर थेट मराठवाड्याशी जोडलेले आहे. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याची ती खूण होती. सुमारे 0.2 सेकंदांच्या त्या संकेताची कंपनसंख्या 35 पासून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेली. माणसाचा कान 20 हर्ट्झपासून ऐकतो, म्हणजे हा संकेत फारसा न बदलताच ऐकता येतो. चिमणीच्या चिवचिवाटासारखा तो वर सरकत जातो आणि थांबतो. असे क्षीण संकेत गोंगाटातून गाळून काढण्याच्या गणिती पद्धतींत पुण्याच्या आयुकामधल्या संजीव धुरंधर यांचे पायाभूत काम आहे. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. ही वेधशाळा काही बघणारच नाही. परभणी-हिंगोलीकडच्या अंध मुलामुलींना तिथे काम करण्याची उमेद धरता यावी, आणि त्यासाठी आवाजाची व स्पर्शाची साधने तिथे पहिल्या दिवसापासून असावीत, अशी मागणी आत्ताच करायला हवी. इमारत उभी राहिल्यावर उतरण जोडणे नेहमीच अवघड जाते.

ग्रहणही असे ऐकता येते. 2017 च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणासाठी हार्वर्डच्या अ‍ॅलिसन बिएरिला आणि दियाझ-मर्सेड यांनी ‘लाइटसाउंड’ नावाची लहानशी पेटी केली. प्रकाश लख्ख असताना ती बासरीसारखी वाजते, उजेड उतरू लागला की क्लॅरिनेटचे सूर येतात आणि खग्रास अवस्थेत नुसत्या मंद टिकटिक टिचक्या उरतात. आठ एप्रिल 2024 च्या ग्रहणाच्या वेळी अशा शेकडो पेट्या ठिकठिकाणी पोचल्या होत्या. तिचा आराखडा सर्वांना खुला आहे. प्रकाशसंवेदक आणि छोटे सर्किट जोडता येणाऱ्या आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती बनवणे जड नाही.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे काय? त्यांनी तर विश्वाची मोजपट्टीच घडवली आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कचा जॉन गुडरिक लहानपणीच बहिरा झाला होता. 1782 च्या हिवाळ्यात तो ययातीतल्या मायावती या ताऱ्यावर लक्ष ठेवून बसला. हा तारा दर 2 दिवस 21 तासांच्या सुमारास मंदावतो, हे त्याने मोजले आणि एखादी काळी वस्तू त्याच्यासमोरून जात असावी, असा तर्क मांडला. तर्क बरोबर होता, हे कळायला शंभरावर वर्षे लागली. 1783 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले तेव्हा तो 19 वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी वृषपर्वा समूहातला डेल्टा हा तारा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, असल्याचे त्याने दाखवले. 21 व्या वर्षी तो गेला.

त्याच जातीच्या ताऱ्यांवर पुढे हार्वर्डमध्ये हेन्रिएटा लेव्हिट यांनी काम केले. त्यांचीही श्रवणशक्ती जवळजवळ गेलेली होती. त्या काळी तिथल्या स्त्रियांना दुर्बिणीवर काम करू देत नसत. तासाला 30 सेंट मजुरीवर त्या छायाचित्रांच्या काचा तपासत. 1912 मध्ये लहान मॅजेलनी मेघातल्या 25 ताऱ्यांवरून लेव्हिट यांनी दाखवले की ताऱ्याचा चढउतार जितका संथ, तितके त्याचे खरे तेज अधिक. या नियमाने अंतर मोजून एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे सिद्ध केले. स्त्री म्हणून, बहिरी म्हणून लेव्हिट यांना दारातूनच परत पाठवले असते, तर नुकसान खगोलशास्त्राचे झाले असते.

2011 च्या जनगणनेत भारतात सुमारे 50 लाख लोकांनी दृष्टीचे आणि जवळजवळ तेवढ्यांनीच श्रवणाचे अपंगत्व नोंदवले. त्यांच्यापर्यंत आकाश न्यायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. मृग नक्षत्र हे बघण्यापेक्षा हातांनीच चांगले कळते. मृगाशेजारचा व्याध आपल्यापासून 8.6 प्रकाशवर्षांवर आहे आणि मृगातला राजन्य सुमारे 860. दहा प्रकाशवर्षांना एक सेंटीमीटर धरून दोऱ्यांना मणी बांधले, तर व्याधाचा मणी तोंडापासून एका सेंटीमीटरच्या आत येतो आणि राजन्याचा जवळपास दोन हात लांब. आकाशात शेजारी वाटणारे तारे प्रत्यक्षात किती दूर दूर आहेत, हे दुर्बिणीतूनही दिसत नाही. तारे कागदावर दाखवायचे तर पुठ्ठा, डिंक, ठळक ताऱ्याला साबुदाणा, मंद ताऱ्याला रवा, एवढ्यावर काम होते. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक 2008 पासून निघते. मजकूर लिहिणारे खगोलअभ्यासक त्याच्या मदतीला उभे राहू शकतात. मूकबधिर मुलांसाठी एकच काळजी घ्यायची: अंधारात खुणा दिसत नाहीत, म्हणून दुभाष्याच्या हातांवर मंद लाल दिवा ठेवायचा. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला शिडी चढून नेत्रिकेपर्यंत जाता येत नाही. दुर्बिणीला कॅमेरा जोडून चित्र पडद्यावर आणले की तो प्रश्न मिटतो.

महाराष्ट्रात आकाशदर्शनाची परंपरा मोठी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून चालू आहे. गावोगावी खगोलमंडळे आहेत, आणि दिवाळी सरली की मोकळ्या माळांवर दुर्बिणी लागतात. या मंडळांना एक विनंती आहे. यंदाच्या हिवाळ्याचे वेळापत्रक छापण्याआधी जवळच्या अंधशाळेला आणि मूकबधिर विद्यालयाला फोन करा. तिथल्या शिक्षकांना आणि मुलांनाही विचारा, काय केले तर तुम्हाला येता येईल. आणि मुले आली की त्यांना दुर्बिणीला, आरशाला सोडून बाकी सगळीकडे, मनसोक्त हात लावू द्या.