दहा शेअर, एक शेजार

तरावीहची नमाज आटोपून कोरेगावातली मंडळी घरी परततात तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. एसटीतून निवृत्त झालेल्या एका वाहकाच्या घरात यंदाच्या रमजानमध्ये त्या वेळी रोज एक वही उघडली जात होती. उजव्या पानावर साताऱ्यातल्या वन बीएचकेचा हिशोब, डाव्या पानावर जकातीचा. वही मांडीवर घेऊन बसायच्या त्या वाहकाच्या पत्नी. मुलगी साताऱ्यात परिचारिका आहे, दुपारची पाळी संपवून निघाली की कोरेगावची गाडी कधी मिळते, कधी हुकते. वीसेक किलोमीटरचे अंतर, पण रात्री ते फार लांबते. म्हणून साताऱ्यात एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे त्यासाठीच राखून ठेवलेले.

पहिला पेच जकातीचाच होता. राहत्या घरावर जकात नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण घर घेण्यासाठी साठवलेल्या रकमेवर चांद्रवर्ष पूर्ण झाले आणि ती निसाबपेक्षा जास्त असली, तर बहुतेक आलिमांच्या मते चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, काढावाच लागतो. निसाब म्हणजे साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने. इथे तोळा जुना, साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त असलेला धरायचा. सराफकट्ट्यावरचा दहा ग्रॅमचा तोळा धरला तर हिशोब चुकतो. चांदी ६१२ ग्रॅमच्या आसपास भरते. विकून नफा मिळवण्याच्या इराद्याने फ्लॅट घेतला तर तो व्यापारी माल ठरतो आणि दरवर्षी बाजारभावाने जकात लागते. भाड्याने दिला तर घराच्या किमतीवर नाही, भाड्यातून शिल्लक राहणाऱ्या पैशावर लागते. घरातला निकाल मात्र एका वाक्यात लागला. "पैले जकात निकालो, फिर टोकन," असे म्हणून बाईंनी डावे पान आधी पुरे केले.

कमी पडणारी रक्कम बँकेच्या व्याजाने काढायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. ती धाकट्या दिराने दिली. "भावाभावात कागद कशाला, भाभी?" असे तो म्हणाला, तरी कागद झाला, दोन साक्षीदारांसह. कुराणातली सर्वात लांब आयत, सूरह बकरामधली २८२वी, नमाज-रोजाबद्दल नाही. मुदतीचा कर्जव्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, याबद्दल ती आहे.

जागा पाहिली ती जुन्या पेठेत. अठराव्या शतकात शाहू महाराजांनी सातारा वसवले, तेव्हाच्या पेठा आजही टपालाच्या पत्त्यावर आहेत. राजवाडा, मोती चौक, मंगळवार तळे सगळे पायी पोहोचण्याजोगे. वाडे एकेक करून पडले आणि त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. घर बघायला येणारा माणूस भिंतीवर टिचकी मारतो, नळ सोडून बघतो, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो का ते पाहतो. कागद मागायला मात्र संकोचतो. वाड्याच्या जागेवरच्या इमारतीत तर कागदच आधी बघायला हवेत. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर अजून जुन्या मालकाचे आणि त्याच्या वारसांचेच नाव असू शकते. १९६३ च्या कायद्याप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यावर बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. ते होत नाही, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. इमारत सोसायटीची आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची, हेही विचारावे. दुसऱ्या प्रकारात शेअर नसतात, घोषणापत्र असते.

सोसायटीचा फ्लॅट घेणारा खरे तर भिंती विकत घेत नाही, सभासदत्व घेतो. आदर्श उपविधींप्रमाणे पन्नास रुपयांचे दहा शेअर आणि त्यांचे एक प्रमाणपत्र. पाचशे रुपयांच्या या कागदापायी आयुष्याची पुंजी ओतायची असते. म्हणूनच प्रश्न येतो, सभासद कोणाला करून घ्यायचे?

या जोडप्याला तो आधी एका वेगळ्या इमारतीत भेटला. एजंटाने दूरध्वनीवर किंमत सांगितली, मजला सांगितला, रविवारी या म्हणाला. मग नाव विचारले. शनिवारी निरोप आला की मालकाचा विचार बदलला. कदाचित खरेच बदलला असेल. असे निरोप ज्यांना दोन-तीनदा आले आहेत त्यांना तसे वाटत नाही, इतकेच.

सहकारी घरांचा आपल्याकडचा आरंभही एकाच समाजाच्या माणसांनी केला. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, आशियातली अशी पहिली संस्था म्हणून ती ओळखली जाते. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते, ज्यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँकही काढली. मोठ्या शहरात आलेल्या मध्यमवर्गीयाला भाड्याच्या खोलीऐवजी स्वतःचे छप्पर मिळावे, हा हेतू उमदाच होता, आणि परक्या शहरात माणूस आधी आपल्या ओळखीच्यांनाच हाक मारणार. पण तीच हाक पुढे कुंपण होऊ शकते. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतेच ठेवले होते. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये तो उपविधी वैध ठरवला.

मुसलमानांनी यावर बोलताना थोडे आपल्या घरातही डोकवावे. इस्लामी कायद्यात 'शुफा' नावाचा हक्क आहे. घर विकायचे तर भागीदाराला, आणि हनफी मतानुसार लगतच्या शेजाऱ्यालाही, ते आधी घेण्याचा हक्क. शेजाऱ्याच्या डोक्यावर नको असलेला माणूस येऊन बसू नये, ही त्यामागची कळकळ. शेजारीपणावर बेतलेला असा हक्क सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला, कारण त्याआडून धर्म आणि जात पाहून वस्त्या बंद करता येतात. १९६२ आणि २००५ चे हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले तर पहिल्याचाच विचार अधिक मोकळा वाटतो.

आणि साताऱ्याला तरी तो परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये याच शहरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली ठेवणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. तिथे सगळी मुले एका पंगतीत जेवली.

महाराष्ट्राचा सहकार कायदाही बऱ्याच अंशी खरेदीदाराच्या बाजूने आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारल्यास कारण लेखी कळवावे लागते, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीसाठी सोसायटीचा ना हरकत दाखला लागत नाही, आणि हस्तांतरणाचे अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अर्जाची पोच तेवढी हवी. ती नसेल तर तीन महिने कुठून मोजणार?

अजिंक्यताऱ्याच्या बाजूची ही दुसरी इमारत सोळा घरांची आहे, लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. सचिव निवृत्त शिक्षक. त्यांनी नाव ऐकले, वहीत लिहिले आणि एकच विचारले, "पाणी पहाटे येतं हो, साडेचारला. उठावं लागेल, चालेल ना?" त्यावर दोघे नवरा-बायको हसले. रमजानात त्या वेळी कोण झोपलेले असते? सचिवांना हसण्याचे कारण कळायला क्षणभर वेळ लागला, मग तेही हसले.

खरेदीखत बाईंच्या नावे नोंदले गेले. २०२१ पासून महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि पैसे वाचले ते शिड्या रंगवायला ठेवावेत असा घरात ठराव झाला. सभासदत्वाचा अर्ज विसाव्या रोजाला दिला गेला. सचिवांनी पोचेवर तारीख घातली, पण कमिटीतल्या दोघांचे मत अजून यायचे आहे, असेही सांगितले. तीन महिने मोजले तर बकरी ईद उलटून गेलेली असते.

मालकाने दाखवलेल्या शेअर प्रमाणपत्राच्या पाठीवर आधीच्या सभासदांची नावे तारखेसह लिहिलेली आहेत, दोन. तिसरी ओळ सध्या कोरी आहे.