उंचीवर जोर नव्हे, सवड लागते

मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूर घाट चढून वर आलो, तरी आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसहाशे मीटरवर असतो. या चढात दम लागतो तो पायांच्या कष्टाने, आणि चार दिवस चालण्याचा सराव केला की तो कमी होतो. धामणगाव बढेसारख्या गावातल्या माणसाला डोंगर ठाऊक असतो तो एवढाच. त्यातूनच मनात पक्के बसते की हिमालय म्हणजे याच चढाची लांबलचक आवृत्ती, आणि जो धडधाकट आहे तो वर जाणारच. हाच समज घेऊन माणसे केदारनाथला जातात, तरुण मोटारसायकलींवर लडाख गाठतात. 2022 च्या यात्राकाळात चारधामला दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यामुळे हा विषय केवळ एव्हरेस्टवीरांचा नाही, गावातून यात्रेची बस भरून निघते त्या प्रत्येक घराचा आहे.

वर हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात हे प्रमाण धामणगावात आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखेच आहे, सुमारे 21 टक्के. उतरतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो 760 मिलिमीटर पारा असतो. 1981 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रत्यक्ष मोजला तेव्हा 253 च्या आसपास भरला. म्हणजे तिथे प्रत्येक श्वासातून खाली मिळतो त्याचा तिसरा हिस्साच ऑक्सिजन मिळतो. केदारनाथला, 3,583 मीटरवर, दोन तृतीयांशाच्या आसपास. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण आपल्या गतीने: श्वास काही तासांत वाढतो, रक्तातल्या लाल पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात. घाई केली तर आधी डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. तरीही चढत राहिले तर फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग काही तासांतही जीव जाऊ शकतो. विरळ हवेवर उपाय समजून कापराची पुरचुंडी हुंगली, तर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण हवेचा दाब तिळभरही वाढत नाही. उलट त्या दिलाशावर माणूस आणखी वर चढतो, म्हणून ही समजूत निरुपद्रवी म्हणता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे त्रास वयस्कांना आणि अशक्तांना होतात. वयस्कांच्या हृदयावर जास्त ताण येतो हे खरेच. पण विरळ हवेच्या आजारावरचा जगातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच जवानांवर झालेला आहे. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी भागातले सैनिक थेट उंचावर न्यावे लागले. त्या काळातल्या 1,925 आजारी जवानांच्या नोंदी डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केल्या. ही सगळी भरतीच्या चाचण्या पार केलेली, कमावलेल्या शरीराची माणसे होती. व्यायामाने स्नायू तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. उलट तगडा माणूस भराभर चढतो आणि लवकर संकटात सापडतो. म्हणून सैन्य आज जवानाला टप्प्याटप्प्याने वर नेते: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार. इतकी शिस्त पाळूनही धोका संपत नाही. सियाचिनमध्ये गोळीबारापेक्षा हवामानाने आणि भूभागाने जास्त जवान घेतले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना ऑक्टोबर 2023 मध्ये तिथेच कर्तव्यावर असताना वीरमरण आले.

मग चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पोरे एव्हरेस्टवर कशी गेली, असे कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. विदर्भाच्या उन्हात वाढलेल्या त्या मुलांनी मे 2018 मध्ये मोठाच पराक्रम केला. पण त्याआधी महिनोन्‌महिने प्रशिक्षण झाले होते, आणि तरीही दहा जणांच्या तुकडीतले पाच जण शिखरावर पोचले. उरलेल्या पाचांना माथा मिळाला नाही, याला अपयश म्हणणे मला अगदी चुकीचे वाटते. माथा गाठला की जिंकले, हाच गिर्यारोहणातला सगळ्यात जीवघेणा गैरसमज आहे. 1921 ते 2006 या काळातल्या एव्हरेस्टवरच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा आठ हजार मीटरच्या वर गेलेल्या आणि प्राण गमावलेल्या 94 गिर्यारोहकांपैकी 53 जण शिखरावरून उतरताना गेल्याचे दिसले. चढताना गेलेले अवघे नऊ. उतरताना थकवा असतो, मेंदूला ऑक्सिजन अपुरा पडलेला असतो, निर्णय चुकतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरने मदत होते, पण तो मोजक्या तासांपुरता असतो. मे 2019 मध्ये शिखराजवळ रांग लागली आणि तासन्‌तास तिष्ठण्यात सिलिंडरचे हिशेब कोलमडले. महाराष्ट्रातले दोघे त्या वेळी उतरतानाच दगावले.

तेव्हा यात्रेची बस ठरवताना एक-दोन मुक्काम जास्तीचे धरा. केदारनाथला निघण्याआधी गुप्तकाशीच्या परिसरात किमान एक रात्र काढा. लेहला विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वर डोके दुखू लागले तर आणखी चढू नका. बसल्या जागी धाप लागली, बोलणे अडखळले किंवा चाल डगमगली, तर त्या माणसाला रात्र असली तरी लगेच खाली आणा. उजाडायची वाट पाहू नका.