प्रबंध जमा झाला, व्हायवा कधी?

रविवारची वंदना संपते, लोक विहाराबाहेर चपला शोधत असतात आणि कोणीतरी मोठ्याने विचारतो, "काय मग, डॉक्टर झालास की नाही?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी पीएचडी करते ही सगळ्यांचीच कमाई असते. पण ज्याने आठ-दहा महिन्यांपूर्वी प्रबंध जमा केला आणि त्यानंतर विद्यापीठाकडून एक ओळही ज्याला आली नाही, त्याला तो प्रश्न टोचतो. तो दोन-तीनदा "चालू आहे" म्हणतो, मग विहारात उशिरा येऊ लागतो आणि पुढे येणेच बंद करतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. थोडासा प्रश्न विचारणाऱ्यांसाठीही आहे.

बाबासाहेबांच्या दोन डॉक्टरेट आपण प्रत्येक भाषणात अभिमानाने सांगतो. त्या पदव्यांच्या तारखा मात्र क्वचितच सांगितल्या जातात. कोलंबिया विद्यापीठासाठीचा 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया' हा प्रबंध त्यांनी १९१६ च्या सुमारास पूर्ण केला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पदवी प्रत्यक्ष हातात मिळत नसे आणि छपाईला पैसा लागतो. ते पुस्तक छापून आले १९२५ मध्ये आणि पदवी मिळाली जून १९२७ मध्ये. म्हणजे मधे दहा वर्षांहून अधिक काळ गेला. लंडनची गोष्टही सरळ नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला, तर मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसे संपत आले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये तो मंजूर झाला.

हे सांगण्याचा हेतू "बाबासाहेबांनी सोसले, तूही सोस" असा अजिबात नाही. असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात आणि त्याने विद्यार्थ्याच्या पाठीवरचे ओझे वाढतेच. मला त्या तारखांमधून दुसरीच गोष्ट दिसते. पदवी लांबली म्हणून त्यांनी बाकीचे आयुष्य टांगून ठेवले नाही. त्या मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजमधली प्राध्यापकी झाली, 'मूकनायक' निघाले, बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि कोलंबियाची पदवी हातात येण्याच्या तीन महिने आधी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. शिवाय परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला म्हणजे संशोधक कमी पडला, हे समीकरण निदान त्यांच्या बाबतीत तरी कोणी मांडू धजणार नाही.

आता आपल्या विद्यापीठांकडे येऊ. प्रबंध जमा केल्यावर तो नेमका कुठे जातो, हे बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांना कोणी नीट सांगितलेलेच नसते. सर्वसाधारण वाट अशी असते. मार्गदर्शकाने सुचवलेल्या परीक्षकांचे पॅनल पीएचडी विभागाकडे जाते. त्यातून कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेली समिती नावे निवडते. निवडलेल्या परीक्षकांना संमतीसाठी पत्र जाते. संमती आली की प्रबंध जातो. मग अहवालांची वाट पाहायची. दोन्ही अहवाल अनुकूल आले की व्हायवाची तारीख ठरते, व्हायवानंतर निकाल वर जातो आणि शेवटी नोटिफिकेशन निघते. एवढ्या टप्प्यांपैकी कुठेही फाइल थांबू शकते. कधी मार्गदर्शकांनी पॅनलच दिलेले नसते. कधी परीक्षक संमतीच्या पत्राला उत्तर देत नाही आणि दुसऱ्याला विचारायचे कोणाला सुचत नाही. कधी एक अहवाल येऊन चार महिने होतात आणि दुसऱ्यासाठी एकही स्मरणपत्र गेलेले नसते. यातल्या एकाही कारणाचा तुमच्या प्रबंधाच्या गुणवत्तेशी संबंध नाही. पण खिडकीवर गेल्यावर उत्तर एकच मिळते, "प्रोसेसमध्ये आहे."

हे उत्तर माणसाला पोखरते. माझ्या मते विलंबापेक्षाही या 'काहीच न कळण्याचा' त्रास मोठा असतो. फाइल अमुक टेबलावर अमुक तारखेपासून आहे, एवढे जरी कळले तरी निम्मी झोप परत येते. म्हणून पहिले काम म्हणजे ती तारीख मिळवणे.

आणि ती मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. पीएचडीबाबतच्या यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांत प्रबंध सादर केल्यापासून मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करावी असे म्हटले आहे. तुमची नोंदणी त्याआधीची असली आणि तुम्हाला २०१६ चे विनियम लागू असले, तरी तिथेही सहा महिनेच आहेत. मूल्यमापन किमान दोन बाह्य परीक्षकांनी करायचे असते. एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर प्रबंध लगेच बाद होत नाही, तो तिसऱ्या परीक्षकाकडे जातो. २०२२ च्या विनियमांनुसार व्हायवा ऑनलाइनही घेता येतो. त्यामुळे परीक्षकांना प्रवासाची तारीख जुळत नाही हे कारण आता महिनोन्‌महिने चालण्यासारखे नाही. प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश असतो, तोही वेबसाइटवरून काढून एकदा वाचून घ्या. वाचायला कंटाळवाणा असतो, पण कर्मचाऱ्यांशी बोलताना त्यातला एक कलम क्रमांक तोंडात असला की संभाषणाचा सूर बदलतो.

प्रत्यक्षात काय करायचे? फोन आणि चकरा कमी करा, कागद वाढवा. प्रबंध जमा केल्याची पोच आणि आवक क्रमांक जपून ठेवा. चारेक महिने झाले की पीएचडी विभागाला साधा अर्ज द्या, एक प्रत संशोधन केंद्राला आणि एक मार्गदर्शकांना. भाषा तक्रारीची नको. "मी दिनांक अमुक रोजी प्रबंध सादर केला आहे. परीक्षकांचे पॅनल कोणत्या तारखेला मंजूर झाले, प्रबंध परीक्षकांकडे कधी पाठवला, आजपर्यंत किती अहवाल प्राप्त झाले आणि स्मरणपत्र कधी पाठवले, एवढी माहिती मिळावी. परीक्षकांची नावे मला नकोत." हे शेवटचे वाक्य आवर्जून लिहा. परीक्षकांची नावे गोपनीय असतात आणि त्याच सबबीखाली सगळा अर्ज बाजूला टाकला जातो. तारखा मात्र गोपनीय नसतात.

सहा महिने उलटले आणि उत्तर नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढेही लागत नाहीत, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. त्याच्या जोडीला यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झाले नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. लोकपाल म्हणजे विद्यापीठाने नेमलेला, पण प्रशासनाबाहेरचा अधिकारी. या समितीत अध्यक्ष किंवा किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला असला पाहिजे, हेही लक्षात ठेवा. तो आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

"सरांना वाईट वाटेल," ही भीती मात्र खरी आहे. व्हायवाच्या समितीत मार्गदर्शक बसणार, पुढे शिफारसपत्रही तेच देणार. म्हणून अर्ज देण्याआधी त्यांना भेटून सांगा, "सर, फेलोशिप संपली आहे, घरचे विचारतात, म्हणून विभागाला विचारणा करतोय." बरेच मार्गदर्शक हे समजून घेतात, काही तर स्वतःच फोन करतात. जे समजून घेत नाहीत, त्यांच्या बाबतीतही तुम्ही आधी कल्पना दिली होती एवढी नोंद राहते. भेटीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल करून ठेवा.

आता मनाचे. संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे, सल्ल म्हणजे बाण. तथागत सांगतात की दुःखाचा एक बाण शरीराला लागतो तो सगळ्यांनाच लागतो. पण ज्याने मन साधलेले नाही तो त्यावर शोक करून स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. अहवाल आला नाही हा पहिला बाण. रात्री दोन वाजता छताकडे बघत "माझे कामच फालतू असेल", "बरोबरीचे सगळे पुढे गेले", "मी कोट्यातून आलो म्हणून हे असेच होणार" असे जे चालते, तो दुसरा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जातीमुळे अडवणूक होते, ती कल्पना नाही. म्हणून "सगळे मनाचे खेळ आहेत, ध्यान कर" असे सांगणारा धम्म सांगत नाही, तो तुम्हाला गप्प बसवतो. अडवणूक होत असेल तर तोही पहिलाच बाण आहे आणि तो उपटून काढायचा असतो. होते आहे की नाही हे कसे ओळखायचे? पुन्हा तारखांनीच. तुमच्याच विभागात, त्याच महिन्यात प्रबंध जमा केलेल्या इतरांचे व्हायवा कधी झाले ते लिहून काढा. सगळेच अडकलेले असतील तर तो विद्यापीठाचा ढिसाळपणा आहे. फक्त काही विशिष्ट आडनावेच अडकली असतील तर तुमच्या हातात पुरावा आहे, आणि तो घेऊन अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे जायचे. दोन्ही गोष्टींत रात्री दोन वाजता निकाल लावण्यापेक्षा हे बरे.

दुसऱ्या बाणासाठी रोजची थोडी आनापानसती उपयोगी पडते. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी दहा मिनिटे श्वास पाहायचा, इतकेच. आणि एक शिस्त: चौकशीसाठी आठवड्यातला एकच वार ठरवा. त्या दिवशी ईमेल पाहा, विभागाला फोन करा, वहीत नोंद करा. उरलेले सहा दिवस ती वही उघडायची नाही. दिवसातून वीस वेळा इनबॉक्स तपासून अहवाल लवकर येत नाही.

पैशाचा प्रश्न ध्यानाने सुटत नाही, हे मान्य. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप प्रबंध जमा होईपर्यंत किंवा पाच वर्षांपर्यंत, यातले जे आधी होईल तोवरच चालते. म्हणजे वाट पाहण्याचा काळ नेमका बिनपैशाचा. मग हॉस्टेल सुटते, गावी जावे लागते. जमेल तर प्रबंध जमा करण्याआधीच चार-सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज करा. तासिका तत्त्वावरचे काम घ्यायला संकोच करू नका. आणि ज्यांनी नेट किंवा सेट दिलेली नाही त्यांनी हा काळ त्यासाठी वापरावा. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीची शेवटची तारीख तुमच्या नोटिफिकेशनसाठी थांबत नाही. सेट हातात असली की पात्रता एका परीक्षकाच्या अहवालावर लटकत नाही.

झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल, जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर व्हायवाची वाट न पाहता बोला. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

कार्यकर्त्यांसाठी एक काम आहे आणि ते मोर्चापेक्षा सोपे आहे. एकट्या विद्यार्थ्याला माहिती अधिकार टाकायला भीती वाटते, संघटनेला वाटायचे कारण नाही. "गेल्या तीन वर्षांत किती प्रबंध सादर झाले, त्यातील किती जणांचा व्हायवा सहा महिन्यांत झाला, किती प्रलंबित आहेत," हा प्रश्न कोणाचेही नाव न घेता कोणताही नागरिक विचारू शकतो. असे अर्ज प्रत्येक विद्यापीठात गेले तर निदान आकडे तरी समोर येतील. आणि विहारात तो मुलगा दिसला तर "झालास का?" ऐवजी "तुझा विषय काय आहे, एकदा आम्हाला सांग ना" असे विचारून बघा. अर्धा तास त्याला बोलू द्या. त्याचा प्रबंध परीक्षकांच्या आधी वस्तीने ऐकला तर बिघडले काय?

शेवटी व्हायवा झालेल्यांसाठी. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले म्हणजे काम संपले असे समजू नका. नोटिफिकेशनलाही उशीर होतो आणि पदवी प्रमाणपत्र तर दीक्षांत समारंभापर्यंत थांबते. विनियमांत पदवीआधी तात्पुरते प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. पदवी यूजीसीच्या विनियमांनुसार दिली आहे असा उल्लेख त्यात असावा लागतो आणि मुलाखतीला नेमके तेच विचारतात. त्यासाठीचा अर्ज व्हायवाच्या दिवशीच खिशात घेऊन जा.